न फिरणारं पाणी

बीजगणिताला घाबरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. पोटात कळ आली म्हणून घरी पळणारी, उत्तर चुकलं की वहीचं पान फाडून गिळणारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी जीवदानी देवीचा डोंगर चढून येणारी. बीजगणितावर रागावलेलं माणूस मात्र एकच भेटलं. अर्नाळ्याची नर्मदा तांडेल, फुलपाड्याच्या बाजारात मासळी विकणारी.

मी हेमांगी राऊत. विरारच्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला बीजगणित शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. माझा स्वभाव बरा नाही, असं माझ्या माघारी शिक्षकखोलीत बोललं जायचं. खरंच आहे ते. ‘बाई, याचा आयुष्यात उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करायची, आणि आजही कुणी विचारलं तर करीन. उपयोगाचं विचारायचं असेल तर स्क्रू-ड्रायव्हरचं विचारावं.

पावसाळ्यातले ते दिवस होते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, ताजी मासळी बंद, म्हणून नर्मदा सुक्या कोळंबीचे सोडे आणि सुके बोंबील घेऊन बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी सोड्यांचा भाव करत होते आणि ती एक पैसा खाली यायला तयार नव्हती. तेवढ्यात शेजारच्या दोन कोळणींमध्ये जागेवरून जुंपली. एकीने दुसरीची टोपली पायाने सरकवली आणि मग दोघींच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. नर्मदा उठली, दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, “पयली तू बोल. मंग ही बोलंल. मधे कोन बोललं त आज तिचा धंदा बंद.” आणि काय सांगू, दोघी बोलल्या! एकीने सगळं सांगितलं, दुसरीने सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर दोघींनाही भांडण्यासारखं फारसं काही उरलं नाही. टोपली होती तिथे परत गेली.

“तू वकील व्हायला हवी होतीस,” मी म्हटलं.

“वकील कुटं, बाई. साधी धावी नाय झाली.” ती परत पाटावर बसली. “तुमी शालंत काय शिकवायच्या?”

“बीजगणित.”

तिच्या हातातली सोड्यांची मूठ तशीच राहिली. मग तिने ती परत टोपलीत टाकली. मला वाटलं, आता विकायचीसुद्धा नाही.

“त्यानंच माजा घात केला,” ती म्हणाली.

मग मला सगळं कळलं, सोडे मात्र त्या दिवशी मिळाले नाहीत. नर्मदाची आई द्वारका हीसुद्धा मासळीवालीच, याच बाजारात बसायची. त्यांच्या पाड्यातून हायस्कुलात गेलेली नर्मदा पहिली मुलगी. मराठीत बरी, इतिहासात बरी, भूमितीत काठावर आणि बीजगणितात भोपळा. गणितात नापास म्हणजे दहावी नापास. पुन्हा बसली, पुन्हा तेच. मग वडिलांनी तिसऱ्यांदा परीक्षेला बसवण्याऐवजी हरिश्चंद्र तांडेलच्या घरी दिली. माणूस चांगला निघाला, होडी स्वतःची, एक मुलगा झाला पियुष, तोही आता बापाबरोबर दर्यात जातो. नर्मदाचं कशावाचून अडलं नव्हतं.

अडलं ते आत्ता. पाड्याचे पोलीस पाटील वयोमानाने पुढच्या वर्षी उतरणार होते. भले गृहस्थ, नर्मदाच्या मनात त्यांच्याबद्दल वाकडं नव्हतं. पण त्यांच्या ओटीवर दिवसभर पुरुषांची बैठक. नवऱ्याने मारलेली बाई त्या ओटीवर चढून काय सांगणार? सांगायला गेली तर ऐकायला तिच्या नवऱ्याचाच मावसभाऊ बसलेला. मग त्या बायका दुपारी बाजारात नर्मदाच्या टोपलीमागे येऊन बसायच्या आणि तिथे रडायच्या. नर्मदा ऐकायची, पण ऐकून पुढे काय करणार? तिच्या हातात काहीच नव्हतं.

“बायांना सांगायला येक घर पायजे, बाई,” ती म्हणाली. “सरकारी घर. माजं घर तसं व्हायला पायजे.”

पोलीस पाटलाला दहावी पास लागते आणि वयाची पंचेचाळिशी ओलांडलेली चालत नाही. नर्मदाला त्रेचाळीस पुरी झालेली. म्हणजे येत्या मार्चची परीक्षा. ती हुकली तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, आणि पुन्हा रिकामी होईल तेव्हा नर्मदाची नातवंडं शाळेत असणार.

मी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांचा. आणि सांगितलं, बाजार आटपला की दुपारी माझ्या घरी यायचं. मी चंदनसारला राहते, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मासळीचा वास येतो म्हणून तक्रार केली. मी त्यांना म्हटलं, वास गणिताचा आहे, तुमच्या मुलाला कधी आला नाही म्हणून तुम्हाला ओळखू येत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि आम्ही दोघीही सुखी आहोत.

बाकीचे विषय नर्मदा घरीच वाचायची, रात्रीचं जेवण चुलीवर असताना. माझ्याकडे फक्त बीजगणित. आणि तिथे पहिल्या दिवसापासून भांडण. बीजगणित तिला येत नव्हतं असं नाही, तिला ते पटत नव्हतं. शाब्दिक उदाहरण दिलं की ती उदाहरणातल्या माणसांच्या घरात शिरायची. बापाचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, दहा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वयं काढा. नर्मदाने पेन्सिल खाली ठेवली. “आनि पोराच्या आईचं वय कोन इचारनार?”

“आईचा इथं संबंध नाही.”

“आईचा संबंध नाय, मंग पोरगा आला कुटून?”

दुसरं उदाहरण दिलं, दोन अंकी संख्येचं. अंकांची अदलाबदल केली की संख्या सत्तावीसने वाढते. ते तिने मुकाट्याने केलं, कारण आकड्यांना आई नसते. समान चिन्हाच्या पलीकडे गेलं की अधिकचं उणे होतं, हे मात्र तिला एका झटक्यात कळलं. “लगीन करून गेल्यावर आडनाव बदलतं तसं,” ती म्हणाली. मला ही उपमा मुळीच आवडली नाही. पण त्यानंतर तिचं चिन्ह कधी चुकलं नाही, म्हणून मी गप्प बसले.

दिवाळीपर्यंत आमचं गाडं बरं चाललं. गावात मात्र चेष्टा सुरू झाली होती. कुणी तिला पाटीलबाई म्हणून हाक मारायचं आणि मागे हसायचं, कुणी विचारायचं, दप्तर घेतलं का नाही. हरिश्चंद्र तोंडाने काही बोलायचा नाही, पण जाळं शिवता शिवता सुस्कारा टाकायचा. सुस्कारा टाकणारा नवरा बोलणाऱ्या नवऱ्यापेक्षा जास्त वैताग आणतो, असं नर्मदाचं म्हणणं. ती त्याच्या शेजारी बसूनच उदाहरणं सोडवायची, मुद्दाम मोठ्याने आकडे म्हणत.

जानेवारीत मी तिची सराव परीक्षा घेतली. खऱ्या परीक्षेसारखी, घड्याळ लावून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती लिहीत होती आणि मी बाहेर पेपर वाचण्याचं सोंग करत होते. रेषीय समीकरणांच्या धड्यातलं नेहमीचं उदाहरण मी घातलं होतं, नावेचं. एक नाव प्रवाहाच्या दिशेने तासाला बारा किलोमीटर जाते आणि प्रवाहाच्या विरुद्ध आठ. तर नावेचा संथ पाण्यातला वेग किती आणि प्रवाहाचा वेग किती? हे उदाहरण दहावीचं पोर झोपेत सोडवतं. मी ते अशासाठी घातलं की कोळणीला निदान हे तरी आपल्या घरचं वाटेल. मला आपलं वाटलं, दोन गुण मी तिला भेटच देते आहे.

पेपर हातात घेतला आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नावेचा वेग एक्स, पाण्याचा वाय, इथपर्यंत ठीक. मग पहिलं समीकरण, एक्स अधिक वाय बरोबर बारा. तेही ठीक. आणि दुसरं समीकरण, एक्स अधिक वाय बरोबर आठ! म्हणजे तीच बेरीज एकदा बारा आणि एकदा आठ. खाली नर्मदाने सुवाच्य अक्षरात कारणही दिलं होतं, ‘पहिल्या फेरीला उधाण असेल, दुसऱ्या फेरीला भांग.’

उधाण म्हणजे अवस-पुनवेची जोराची भरती, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मरगळलेली. हे मला माहीत होतं. पण दहावीच्या पेपरात?

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काय झालं?”

“प्रश्नात स्पष्ट लिहिलंय, प्रवाहाच्या विरुद्ध! विरुद्ध गेली तर पाण्याचा वेग वजा करायचा. एक्स वजा वाय. हे मी तुला दहा वेळा सांगितलंय.”

“पन इरुद्ध कशाला जाईल?”

“अगं, कारण उदाहरणात तसं दिलंय!”

“लिवनाऱ्यानं होडी पायली हाय का?” नर्मदाचा आवाज आता चढला होता. “खाडीत जायचं त भरतीबरोबर जायचं. भायेर यायचं त ओटीबरोबर. मधल्या येलात नांगर टाकून बसायचं नि भाकर खायची. पान्याच्या इरुद्ध कोन येडा होडी हाकतो? डिजल काय फुकट हाय? पियुषचा बाबा जल्मात कदी गेला नाय, त्याचा बापूस गेला नाय. पानी फिरतंच, बाई! सा तासांनी फिरतं!”

“या उदाहरणातलं पाणी फिरत नाही!”

“मंग ते पानीच नाय!”

मी तिच्या उत्तरावर लाल शाईची फुली मारली, इतकी जोरात की खालचं पानही फाटलं. नर्मदाने रिकामी टोपली उचलली आणि निघून गेली. दारात चप्पल घालतानासुद्धा मागे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हट्टाने बाजारात गेले. तिने मला बोंबील दिले, मोजून दिले, वर एकही टाकला नाही. एरवी वर मूठभर टाकणारी नर्मदा आणि नेमकं मोजून देते! माझा एवढा अपमान मुख्याध्यापकांनीही कधी केला नव्हता. पैसे घेतले, सुटे परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. शेजारची डेल्फिन, पाचूबंदरची, माझ्या कानाशी लागून म्हणाली, “ती सोडतेय म्हनं. नवरा म्हनाला, झालं तेवढं पुरे.”

घरी आले आणि बोंबील ओट्यावर तसेच ठेवून बसले. माझा राग एव्हाना तिच्यावरून उठून माझ्यावर यायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. नर्मदाचं चुकलंच होतं. बोर्डाचा परीक्षक तिच्या उधाणाला एक गुणही देणार नव्हता. प्रश्न एवढाच होता की आता करायचं काय. नदी एकाच दिशेने वाहते हे तिला माहीत नसेल असं नाही. स्वतःचं नावच नदीचं. पण माहीत असणं वेगळं. तिचं सगळं आयुष्य वैतरणेच्या मुखाशी गेलं आणि तिथलं पाणी दिवसातून चारदा फिरतं. पाणी म्हटलं की तिच्या मनात ते फिरणारच. तिथे माझा लाल पेन काय कामाचा?

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन तिला म्हटलं, “मंगळवारी वज्रेश्वरीला चाललेय. देवीची ओटी भरायचीय. सोबत कुणी नाही.”

माझ्यावर ती कितीही रागावलेली असो, देवीला ती नाही म्हणणार नव्हती. हा माझा कावा होता आणि त्याबद्दल मला काडीचीही खंत नाही.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या पर्समध्ये. दर्शन झालं, ओटी भरली. मग मी म्हटलं, जरा नदीवर बसू. देवळापासून थोडं खाली तानसा वाहते. माघातली नदी, पाणी फार नव्हतं, पण खडकांमधून खळखळत चाललं होतं. आम्ही एका सपाट दगडावर बसलो. नर्मदाने प्रसादातलं झेंडूचं फूल पाण्यात सोडलं. ते गरगरलं, दोन दगडांच्या मधून निसटलं आणि गेलं.

मी मुद्दाम एक शब्द बोलले नाही. शिक्षकाला सर्वात कठीण काम हेच.

बराच वेळ गेला. नर्मदाने उन्हाकडे बघितलं. अर्नाळ्याची भरती-ओहोटी तिला घड्याळाशिवाय कळते. “आता आमच्याकडं पानी फिरलं आसंल,” ती म्हणाली. पुन्हा नदीकडे बघत बसली. नदी आपली जात होती तशीच. नर्मदाने आणखी एक फूल सोडलं. तेही त्याच वाटेने गेलं.

“हितल्या मानसाला वर जायचं आसंल त?” शेवटी तिने विचारलं.

“वर जायचं.”

“आसंच? इरुद्ध?”

“दुसरं काय करणार? वाट बघून उपयोग नाही. हे पाणी त्याच्यासाठी फिरणार नाही.”

“रोजचं?”

“रोजचं.”

नर्मदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मना कसं कलनार, बाई? मी त वाटच बगत बसले. धावीत नापास झाले, म्हटलं, आपलं पानी येईल तवा जाऊ. लगीन झालं, पोर झालं, म्हटलं, जाऊ. पंचवीस वर्सं झाली.” तिच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ते तिने पुसलं नाही. माझेही डोळे भरून आले. मी चष्मा काढून उगाचच पुसत बसले.

मग ती एकदम दगडावरून उतरली, काठावरच्या ओल्या रेतीत उकिडवी बसली आणि बोटाने लिहायला लागली. एक्स नाही आणि वाय नाही. वर लिहिलं, होडी अधिक पाणी, बारा. त्याखाली लिहिलं, होडी वजा पाणी, आठ. मी दगडावरून वाकून बघत होते.

“याची नि त्याची बेरीज करायची ना?”

“कर.”

“पानी अधिक, पानी वजा.” तिने दोन्ही पाण्यांवर एकाच फटक्यात रेघ ओढली. “पानी गेलं, बाई! पानी गेलंच की! ऱ्हायल्या दोन होड्या. दोन होड्यांचे ईस. एकीचे...” ती उठून उभी राहिली. “धा! होडीची सोताची चाल धा! पानी बरोबर असो नायतर इरुद्ध, होडीची चाल ती धाच!”

तिने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. नर्मदा त्यांनाही सांगायला लागली. त्या बायकांना काही कळलं असेल असं वाटत नाही, पण त्या हसल्या. मी माझ्या नोकरीत हजारो पोरांना हे उदाहरण शिकवलं. कुणी त्यावर आनंदाने ओरडलेलं मी पाहिलं नव्हतं. माझं मन इतकं भरून आलं की परतीच्या एस.टी.त मी तिला खिडकीची जागा दिली, आणि मी ती कुणाला देत नाही.

त्यानंतरचा महिना कसा गेला कळलं नाही. आता नर्मदा उदाहरणातल्या माणसांच्या घरात शिरेना. उदाहरण वाचलं की आधी विचारायची, यात पानी कोनतं? म्हणजे दोन्हीकडे असलेली कोणती गोष्ट आधी काढून टाकायची. वयाच्या उदाहरणात तिला पाणी सापडायचं, भागीदारीत सापडायचं, पेरू-चिकूच्या भावात सापडायचं. अंकगणिती श्रेढी तिने दोन दिवसांत खाल्ली. वर्गसमीकरणाशी मात्र तिचा समेट शेवटपर्यंत झाला नाही. एका प्रश्नाला दोन उत्तरं आणि दोन्ही बरोबर, हे ऐकल्यावर तिने मला विचारलं की मग भांडण सोडवायचं कुणाच्या बाजूने. मी म्हटलं, तो प्रश्न सोडून दे, बाकीचे लिही.

परीक्षेच्या दिवशी ती हिरवं नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून केंद्रावर गेली. फाटकाशी पोरांच्या घोळक्यात ती उभी राहिली तेव्हा एका मुलाच्या आईने तिला सांगितलं, पालकांनी बाहेर थांबायचंय. नर्मदाने पोलक्यातून हॉलतिकीट काढून तिच्या नाकासमोर धरलं आणि आत गेली. मी समोरच्या रसवंतीवर दोन तास बसले. तीन ग्लास रस प्यायले आणि एकाचीही चव आठवत नाही.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली, रडणारी, हसणारी, उत्तरं ताडून बघणारी. नर्मदा सर्वांत शेवटी आली, सावकाश.

“आली का नाव?” मी विचारलं.

“नाय आली. होडी आलीच नाय, बाई.” ती माझ्या शेजारी बाकावर बसली. “पेनं आली नि पेन्सिली आल्या. पाच पेनं, सा पेन्सिली, कायतरी.”

“मग?”

“मंग काय! मी पेन्सिलींना पानी धरलं.”

मी तिला चौथा ग्लास पाजला. तिने माझ्या हातातून पैसे काढून घेतले आणि स्वतः दिले.

निकाल मे महिन्यात, दुपारी एकला. मी बाजारात नर्मदाच्या पाटापाशी मोबाइल घेऊन उभी. आसपासचा धंदा थांबलेला. डेल्फिन होती, त्या भांडणाऱ्या दोघी होत्या, पापलेट घ्यायला आलेली गिऱ्हाइकं होती. हरिश्चंद्रही आला होता, पहिल्यांदाच या बाजारात, आणि खांबाला टेकून दुसरीकडे बघत होता. निकालाचं पान उघडेचना. चाक फिरत राहिलं. मग एकदाचं उघडलं. मी बैठक क्रमांक टाकला.

“आईचं नाव विचारतंय,” मी म्हटलं.

“कुनाच्या?”

“तुझ्या आईचं. ते टाकल्याशिवाय निकाल दिसत नाही.”

नर्मदाने ओले हात पदराला पुसले. त्या बाजारातल्या जुन्या बायकांना द्वारका आठवत होती. याच रांगेत बसून तिने पोरीच्या वह्या-पुस्तकांसाठी मासळी विकली होती, आणि लेक नापास झाली तेव्हा याच रांगेत बसून टोमणे ऐकले होते. चार वर्षांपूर्वी ती गेली. लेकीच्या हातात तिला काही बघायला मिळालं नाही. निकाल उघडायला आता तिचंच नाव लागत होतं.

“द्वारका,” नर्मदा म्हणाली. मग मान वर करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “लिवा. द्वारका!”

मी लिहिलं. पान बदललं. पास. गणितात अठ्ठावन्न.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला, कुणीतरी कोयता टोपलीवर वाजवायला लागलं, डेल्फिनने नर्मदाला मासळीच्या हातांनीच मिठी मारली. “पाटीलबाय, पाटीलबाय!” अशी हाकाटी सुरू झाली आणि या वेळी मागे कुणी हसत नव्हतं. मी, हेमांगी राऊत, भर बाजारात मोठ्याने रडले. हरिश्चंद्र खांबापासून सरकत पुढे आला आणि बायकोला म्हणाला, “अठ्ठावन कशाला? बाकीचे बेचालीस कुटं गेले?” नर्मदाने त्याच्या अंगावर बर्फाचा तुकडा फेकला. तोही हसला आणि मग त्यालाही रडू आलं.

पोलीस पाटलाची जाहिरात पावसाळ्यानंतर निघाली. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली. तोंडीमध्ये तिला कुणी काय विचारलं आणि तिने काय सांगितलं हे ती मला दर वेळी वेगळं सांगते, म्हणून मी ते लिहीत नाही. नेमणूक झाली, एवढं खरं. पाड्यातली पहिली बाई पोलीस पाटील. सकाळी बाजार तसाच चालू आहे, ते तिने सोडलेलं नाही.

नेमणुकीनंतर आठवड्याने मी पेढे घेऊन अर्नाळ्याला गेले. दुपार होती. हरिश्चंद्र घराबाहेर ओट्याच्या पायरीवर जाळं घेऊन बसला होता. मला बघून त्याने बाजूला सरकून जागा केली.

“आत जाते,” मी म्हटलं.

“आत नाय सोडनार. मनाबी भायेर बसवलाय.”

मी तरी दारात गेलेच. आत नर्मदा जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर विशी-बाविशीची एक मुलगी, पदर गालावर ओढून. नर्मदाने मला पाहिलं. उठली नाही. फक्त हात वर केला, वर्गाच्या दारात उशिरा आलेल्या पोराला मी करायची तसा.

“बाई, जरा भायेर थांबा. हिचं बोलनं व्हायचं हाय.”

मला कुणी दारात थांबवलेलं खपत नाही. चाळीस पोरांच्या वर्गाने कधी ती हिंमत केली नव्हती. पण मी मुकाट्याने मागे फिरले आणि हरिश्चंद्रच्या शेजारी पायरीवर बसले, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन. आतून नर्मदाचा आवाज एकदाही आला नाही. त्या मुलीचाच येत होता. आधी पुटपुटल्यासारखा, मग एकेक शब्द कळण्याइतका, आणि मग असा की पायरीवर बसलेल्या आम्हा दोघांना तो स्वच्छ ऐकू येऊ लागला.